दिवाळीच्या सुट्टीत फोन, संगणक आणि आपलं ग्रंथालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की देवघेव विभागात दिवाळी अंकांइतकीच चौकशी फोनची होते. मुलं परगावाहून येतात, आईवडिलांच्या हातात नवा फोन ठेवतात आणि भाऊबीज झाली की परततात. त्यानंतर राहिलेले प्रश्न आमच्याकडे येतात. त्यातले नेहमीचे इथे लिहून ठेवले आहेत. सगळे वाचायची गरज नाही, आपल्या कामाचा तेवढा शोधून वाचा.

माझ्या फोनमधलं काम तुम्हीच करून द्याल का?

नाही. फोन तुमच्याच हातात राहील. आम्ही शेजारी बसून सांगू, बोट तुमचं चालेल. आमच्याकडे हा नियम आहे आणि तो आम्ही मोडत नाही.

पहिलं कारण सुरक्षेचं. आज फोनमध्ये बँक असते, आधार असतं, घरच्यांचे फोटो असतात. ग्रंथालयातला माणूस कितीही ओळखीचा असला तरी फोन त्याच्या हाती द्यायची सवय चांगली नाही, कारण तीच सवय उद्या अनोळखी माणसापुढेही फोन पुढे करते. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. नातू भराभर चार ठिकाणी दाबतो, ‘झालं आजी’ म्हणतो, आणि तो गेल्यावर आजी होती तिथेच राहते. तेच काम आजीनं स्वतः अर्ध्या तासात केलं, तर पुढच्या महिन्यात तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही. येताना वही आणा. पायऱ्या स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या. छापील पत्रकापेक्षा स्वतःची वही जास्त उपयोगी पडते, हे आम्ही रोज पाहतो.

दिवाळीत केव्हा येऊ?

लक्ष्मीपूजन आणि पाडवा या दोन दिवशी ग्रंथालय बंद असतं. इतर दिवशी सकाळच्या वेळेत या. फोन चार्ज करून आणा आणि वाचायचा चष्मा विसरू नका.

हयातीचा दाखला फोनवरून देता येतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४ पासून आहे. सुरुवातीला बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं. वयामुळे ठसे झिजलेल्यांचे फार हाल व्हायचे. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली आणि साध्या स्मार्टफोनवर काम होऊ लागलं.

त्यासाठी दोन ॲप लागतात : ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. दोन्ही प्ले स्टोअरवरूनच घ्या, कोणी पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नका. जवळ आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा क्रमांक), पेन्शनचा बँक खाते क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल हवा. ॲप सुरुवातीला ‘ऑपरेटर’ची ओळख मागतं. इथे बरेच जण अडतात, हा ऑपरेटर कोण म्हणून. तो तुम्ही स्वतःही होऊ शकता किंवा घरातलं कोणीही. त्यानंतर पेन्शनरची माहिती भरायची आणि चेहरा दाखवायचा. उजेड समोरून येऊ द्या, खिडकीकडे पाठ करून बसू नका. चष्मा काढा, आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करा. काम झालं की प्रमाण क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात. केंद्र सरकारी पेन्शनर नोव्हेंबरमध्ये दाखला देतात. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांना (भविष्य निर्वाह निधीकडून पेन्शन घेणाऱ्यांना) नोव्हेंबरचं बंधन नाही : त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यामुळे सणाच्या गर्दीत त्यांनी धावपळ करू नये. राज्य सरकारी पेन्शनरांसाठी बँकेत जाऊन यादीवर सही करायची जुनी पद्धत आहेच. ज्यांची बँक जवळ आहे आणि पाय धड आहेत, त्यांनी सरळ जाऊन सही करावी असं आमचं मत आहे. फोनची सोय मोठी आहे ती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि मुलाकडे बंगळुरूला किंवा अमेरिकेला गेलेल्यांसाठी. स्मार्टफोनच नसेल तर पोस्टमन घरी येऊनही हे काम करून देतो. त्याला थोडं शुल्क पडू शकतं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा : ‘तुमची पेन्शन थांबली आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो चोराचा आहे. दाखल्यासाठी फोनवरून कोणी ओटीपी विचारत नाही.

साफसफाईत जुना सोफा विकायला काढला. घेणारा म्हणतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. करू का?

करू नका. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. यूपीआय पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले, एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ असायला हवं. घेणारा म्हणेल की मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, घाईत आहे, आधी एक रुपया पाठवून दाखवतो. एक रुपया येईलही. पुढचा क्यूआर मात्र तुमचे पैसे घ्यायचा असतो.

बाजारातही याच दिवसांत जरा थांबून पैसे द्या. स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव दिसतं, ते दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवा. दुकानाच्या क्यूआरवर दुसऱ्यानं आपलं स्टिकर चिकटवल्याच्या घटना घडतात आणि नाव वाचलं की ते तिथेच कळतं. पणत्या, कंदील, रांगोळी विकणाऱ्या ताई-दादांना वेगळं सांगणं आहे : गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, आपल्या फोनवर बँकेचा मेसेज किंवा खात्यातली जमा पाहा. गर्दीच्या वेळी हे जड जातं, पण खोटे स्क्रीनशॉट गर्दीतच खपतात.

आमचा आणखी एक सल्ला. पेन्शन किंवा ठेवी ज्या खात्यात आहेत ते खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं छोटं खातं जोडा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. चूक झालीच तर नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

पैसे गेले तर?

१९३० वर लगेच फोन करा. पोलीस ठाण्यात उद्या जाऊ, मुलगा आला की त्याला विचारू, असं म्हणत थांबू नका. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी आहे. तक्रार लवकर पोचली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते. चोर ते तासाभरात पुढच्या खात्यांत फिरवतात, म्हणून घाई करायची ती इथे. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. पाठोपाठ बँकेला कळवा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते. ती करायला आमचा संगणक वापरू शकता.

आणि घरात सांगा. फसलेली माणसं लाजेपोटी गप्प बसतात, दोन दोन दिवस जेवत नाहीत. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसंही यात फसली आहेत. दोष चोराचा असतो.

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ असा फोन आला होता.

याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. पोलीस, सीबीआय, कस्टम, न्यायालय, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘चौकशी होईपर्यंत पैसे सरकारी खात्यात ठेवा’ असं सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनाही यावर बोलावं लागलं, इतकं हे पसरलं आहे.

त्यांची सगळी ताकद एकाच गोष्टीत असते : तुम्हाला एकटं पाडण्यात. खोलीचं दार लावा, घरात कोणाला सांगू नका, असं ते बजावतात. म्हणून फोन कापा आणि पहिल्यांदा कोणाशी तरी बोला. शेजारी जा. आमच्याकडे या. एकट्या राहणाऱ्या सभासदांनी ग्रंथालयाचा क्रमांक फोनमध्ये पहिल्या पाचांत ठेवावा, अशी आमची मनापासून विनंती आहे.

नातेवाइकाच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली, पण उघडत नाही. ‘इन्स्टॉल करा’ म्हणतं.

इन्स्टॉल करू नका. पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, आणि ते तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याकडे पाठवू शकतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, त्यामुळे या दिवसांत अशी पत्रिका खरी वाटते. वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावानंही अशाच फाइली येतात. ज्याच्या नंबरवरून आली त्याला फोन करून सांगा; त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असण्याची शक्यता आहे.

चुकून इन्स्टॉल झालंच तर फोन एरोप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. नंतर फोन फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करून घेणं उत्तम.

फोन भरला, आता फोटो निघत नाहीत.

शुभेच्छांमुळे. पणत्या, उटणं, लक्ष्मीची पावलं, प्रत्येक गटातून तेच चित्र पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक प्रत जागा खाते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा आणि तिथून स्टोरेज व्यवस्थापनात जा. पाच एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या काढून दाखवल्या जातात. त्या आधी पुसा. मग त्याच ठिकाणी फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. यापुढे जे चित्र हवं तेवढंच बोट लावून उघडेल.

‘गुगलची जागा संपली’ हा संदेश मात्र वेगळा. जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी फुकट मिळतात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले की बहुतेकांचं भागतं. पैसे भरून जागा वाढवण्याआधी एवढं करून पाहा.

दिवाळी अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या वाचल्या तर काय बिघडलं?

हा प्रश्न ग्रंथालयाला विचारलात, तर उत्तरही आम्ही मोकळेपणानं देणार. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा शतक ओलांडून चालू आहे. ती टिकली ती वर्गणी, जाहिराती आणि विकत घेतलेल्या प्रती यांच्या बळावर. आज अनेक अंक जेमतेम खर्च भागवून निघतात. लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक यांच्या कष्टाची पीडीएफ कोणी परस्पर वाटली तर ती चोरीच आहे, आणि पुढच्या वर्षी तो अंक निघाला नाही तर त्यात त्या वाटपाचाही हात असेल. परवडत नसेल तर ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना घ्या. एका अंकाच्या किमतीच्या आसपासच्या वर्गणीत मोसमभर अंक वाचता येतात. काही अंकांच्या अधिकृत ई-आवृत्त्या निघतात, त्या प्रकाशकाकडूनच घ्या.

मग मराठीत कायदेशीर आणि फुकट असं काय वाचायला मिळतं?

पुष्कळ. लोकांना माहीत नसतं, याचंच आम्हाला वाईट वाटतं.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. अशा जुन्या मजकुराचा मोठा साठा मराठी विकिस्रोतावर आहे. मराठी विश्वकोश संपूर्ण फुकट वाचता येतो, आणि एखाद्या विषयाची सुरुवात करायला मराठीत त्यापेक्षा भरवशाची जागा सापडणं कठीण. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं ई-पुस्तकं वाटतं. शब्द अडला तर ‘बृहद्कोश’ उघडा. अनेक मराठी शब्दकोश तिथे एकाच शोधात चाळता येतात, मोल्सवर्थचाही.

मुलांसाठी दोन ठिकाणं आवर्जून सांगतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात. आजोबांनी लहानपणी वाचलेला अंक नातवाबरोबर पडद्यावर उघडावा, सुट्टीतला याहून चांगला उद्योग आम्हाला सुचत नाही. आणि ‘स्टोरीवीव्हर’ : तिथे चित्रगोष्टी मराठीत आहेत आणि त्या फुकट आहेत. मुलाला मराठी वाचायला जड जात असेल, पुण्यात असो की परदेशात, तर पहिल्या पातळीच्या गोष्टींपासून सुरुवात करा.

छापलेलं दिसत नाही. वाचन सुटलं.

सुटू देऊ नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’खाली अक्षरांचा आकार वाढवता येतो, हे पहिलं. अँड्रॉइडमधली ‘बोलण्यासाठी निवडा’ ही सोय चालू केली तर पडद्यावरचा मराठी मजकूर फोन वाचून दाखवतो. आवाज यंत्राचा असतो, जोडाक्षरांवर अडखळतो, पण कानाला चारपाच दिवसांत सवय होते. ज्यांना दृष्टिदोषामुळे छापील पुस्तक वाचताच येत नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. नोंदणीला अपंगत्वाचा दाखला लागतो. तो घेऊन या, अर्ज भरताना आम्ही शेजारी बसतो.

मराठीत टाइप करायचं आहे. ‘ऱ्या’ येत नाही, ‘दर्या’च होतो.

तक्रार रास्त आहे. ‘दऱ्याखोऱ्यां’ऐवजी ‘दर्याखोर्यां’ छापलेलं पाहिलं की आम्हालाही टोचतं. त्यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ लागतो. फोनच्या मराठी कीबोर्डवर ‘र’ दाबून धरून पाहा, बहुतेक ठिकाणी तो तिथे निघतो. मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग ‘य’. संगणकावर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी असेल तर शिफ्टसह ‘जे’च्या कळीवर ‘ऱ’ आहे, ‘डी’वर हलन्त, आणि ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’वर.

टायपिंगची आवड असलेल्यांनी, विशेषतः सुट्टीत मोकळ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांनी, इनस्क्रिप्टच शिकावं असं आम्ही आग्रहानं सांगतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं सोपं वाटतं, पण पहिली-दुसरी वेलांटी आणि न-ण यांत ते घोटाळे करतं आणि हळूहळू आपली नजरही मोडतं. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं अशी मांडणी आहे; रोज थोडा वेळ दिला तर सुट्टी संपेपर्यंत बोटं बसतात.

ज्यांना टाइप करायचंच नाही, त्यांनी गुगलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून बोलावं. पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या; नावांत चुका होतात. बोटानं पडद्यावर लिहूनही मजकूर उमटवता येतो आणि ज्येष्ठांना ही पद्धत फार आवडते.

जुन्या कवितांची फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, असंही विचारतात. फाइल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टात आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घेता येते. पेन ड्राइव्ह घेऊन या.

मुलांना सुट्टीत फोन द्यावा का?

द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. कसा द्यायचा ते सांगतो. पाहुण्यांच्या मुलाला फोन देताना ‘ॲप पिनिंग’ वापरा. सेटिंग्जमध्ये सुरक्षेखाली सापडतं. एकच ॲप पडद्यावर राहतं, बाहेर पडायला तुमचा पिन लागतो. आयफोनमध्ये याच कामासाठी ‘गायडेड ॲक्सेस’ आहे. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू ठेवा. मुलाचा स्वतःचा फोन असेल तर ‘फॅमिली लिंक’ हे पालकांना लक्ष ठेवू देणारं गुगलचं ॲप लावा आणि लावताना मुलाला समोर बसवून सांगा. चोरून नजर ठेवली की मुलं लपवायला शिकतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आहे. घरात कोणी तसा खेळ ‘साधा गेम आहे’ म्हणून खेळत असेल तर लक्ष घाला.

सुट्टीचा अभ्यास एआयकडून करून घेतला तर चालेल?

समजून घ्यायला चालेल, उतरवून घ्यायला नाही. हे चॅटबॉट वाक्य सफाईदार लिहितात, पण मराठी पुस्तकं, लेखक आणि साल यांबाबत बेधडक खोटं सांगतात. कधीच न छापलेल्या पुस्तकाचं नाव घेऊन मुलं आमच्याकडे येतात आणि ‘पण त्यानं पृष्ठ क्रमांकही दिलाय’ म्हणतात. आमचा सोपा नियम आहे : एआयनं सांगितलेली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक नाव विश्वकोशात किंवा कपाटातल्या पुस्तकात सापडलं, तरच वहीत लिहायचं. हा शोध घेताना मुलं जे वाचतात तोच खरा अभ्यास होतो. संदर्भ विभागात कोणीतरी असतंच, विचारा.

मुलगी न्यू जर्सीला आहे. दिवाळीनंतर तिचा फोन भलत्याच वेळी येऊ लागतो.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तिथल्या आणि आपल्या वेळेतलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा तास होतं. ब्रिटनमध्ये हाच बदल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, साडेचारचे साडेपाच. फोनच्या घड्याळात ‘वर्ल्ड क्लॉक’मध्ये तिचं शहर जोडून ठेवा, मोजत बसावं लागणार नाही.

भाऊबीजेला सगळी भावंडं एकत्र जोडायची असतील तर व्हॉट्सॲपचा गट-कॉल पुरतो. झूमच्या फुकट बैठकीत ४० मिनिटांनी कॉल तुटतो, ते कोणाच्या ओवाळणीच्या मध्ये येऊ देऊ नका.

ग्रंथालयाचा संगणक आणि वाय-फाय वापरताना काय सांभाळू?

बँकेचं काम इथे करू नका, ते आपल्या मोबाइल डेटावर करा. संगणकावर ब्राउझरची खासगी (‘इन्कॉग्निटो’) खिडकी उघडून काम करा आणि उठताना लॉग आउट करा. छपाईसाठी लोक व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि तसंच ठेवून जातात. फोनमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडून तिथून बाहेर पडा. आधारची प्रत द्यायची असेल तर शक्य तिथे झाकलेलं आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळतं. डाउनलोड केलेली फाइल पुसून संगणकाची कचराटोपली (‘रीसायकल बिन’) रिकामी करायला विसरू नका.

प्रवासात फोन हरवला.

दिवाळीत एसटी स्टँडवर आणि लोकलमध्ये हे फार होतं. आधी सिम बंद करा, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या. मग ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रारीची प्रत जोडून फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंद करवून घ्या. त्यानंतर तो फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही आणि सापडला तर पुन्हा सुरू करून घेता येतो. ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम लागतं. हे सगळं होण्यासाठी आयएमईआय माहीत हवा. आत्ता, फोन हातात असताना, तारा हॅश शून्य सहा हॅश (*#06#) डायल करा आणि पडद्यावर येणारा १५ आकडी क्रमांक वहीत लिहा.

आपल्या नावावर किती सिम आहेत, हेही ‘संचार साथी’वर दिसतं. एकदा पाहून घ्याच.

माळ्यावरून जुने फोटो आणि कागद निघाले. फोनवर कसे जपू?

हे काम आम्हाला सर्वांत प्रिय आहे, म्हणून थोडं सविस्तर. फ्लॅश बंद ठेवा. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, कागद सपाट ठेवा आणि फोन त्याच्या बरोबर वर समांतर धरा. गुळगुळीत फोटोंवर चमक येते. गुगलचं ‘फोटोस्कॅन’ ॲप चार बाजूंनी टिपून ती चमक काढून टाकतं. पाठीमागची बाजूही टिपा, कारण नाव, गाव, साल तिथेच लिहिलेलं असतं. कागदाशेजारी पट्टी ठेवली तर आकार कळतो. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका, त्यातून कागद परत काढता येत नाही.

मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि फोटोतला माणूस कोण, कोणाचा कोण, हे त्यांच्या तोंडून घ्या. दिवाळीत सगळे एकत्र असतात, म्हणून हे आत्ताच करायचं. फोटोतलं नाव सांगणारं माणूस राहिलं नाही की फोटो नुसता फोटो उरतो.

छापील देवनागरी मजकूर गुगल लेन्स बऱ्यापैकी उचलते. मोडी कागदांना मात्र वाचणारा माणूसच हवा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि ते शिकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. कागदांचे फोटो आमच्याकडे आणलेत तर वाचक शोधायला मदत करू. मूळ कागद मात्र तुमच्याच घरी राहू द्या.

जुना फोन भंगारवाल्याला देऊ का?

आधी फोटो आणि संपर्क नव्या फोनवर आलेत ना, ते पाहा. जुन्या फोनमधून गुगल खातं काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. क्रम हाच ठेवा, कारण खातं न काढता रीसेट केलं तर पुढच्या माणसाला फोन उघडताना अडचण येऊ शकते. चालू स्थितीतला असेल तर घरकामाच्या ताईंच्या मुलीला अभ्यासाला द्या. बिघडलेला असेल तर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. नगरपालिकेच्या संकलनाच्या तारखा आमच्या सूचनाफलकावर लावलेल्या असतात. बॅटरी फुगली असेल तर फोन चार्जिंगला लावू नका, दाबू-टोचू नका, आणि फटाके किंवा पणत्या ठेवल्या आहेत त्या कपाटात तर मुळीच ठेवू नका.